ज्येष्ठांची हिवाळी वस्त्रे : थोड्या खर्चात पुरेशी ऊब

कार्तिकी वारी आटोपून वारकरी आळंदीहून परतीच्या वाटेला लागले, की इंद्रायणीकाठी थंडी खऱ्या अर्थाने मुक्कामाला येते. चिंचवडला मोरया गोसावी यांच्या समाधी सोहळ्याचे दिवस येईपर्यंत पहाटेचा वारा बोचू लागलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात रात्रीचा पारा साधारणतः १० ते १२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, काही रात्री १० अंशांच्याही खाली जातो. आणि त्याच दिवशी दुपारी तो २८-३० अंशांवर पोहोचलेला असतो.

दुपारच्या या उन्हामुळेच आपल्याकडची थंडी फसवी ठरते. ‘इथे काय काश्मीर आहे?’ असे म्हणून उबदार कपड्यांचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलला जातो. पुण्याच्या वेधशाळेत १९३५ च्या जानेवारीत १.७ अंश इतके किमान तापमान नोंदले गेले आहे. अशी रात्र विरळच. परंतु वृद्ध शरीराला त्रास होण्यासाठी इतक्या कडाक्याची गरजच नसते. १२ अंशांची रात्र, पत्र्याचे छप्पर, गार फरशी आणि अंगावर एकच सुती सदरा एवढे त्यासाठी पुरते.

औद्योगिक पट्ट्यातील घरांची स्थिती आपण जाणतोच. भोसरी, चिखली, तळवडे येथील चाळी असोत वा चाकणलगतच्या नाणेकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंगे येथील भाड्याच्या खोल्या असोत, मुलगा पाळीवर जातो, सून घर आणि बहुधा स्वतःचेही काम सांभाळते, आणि मराठवाड्यातून किंवा खानदेशातून आलेले आई-वडील दिवसाचा मोठा भाग एकटे असतात. भाडे, शाळेची फी आणि औषधे यांतून उरलेल्या पैशांत हिवाळ्याची तजवीज करायची असते. ती कशी करावी, याचा विचार या लेखात केला आहे.

‘मला नाही वाजत थंडी’

घरातील वडीलधाऱ्यांना विचारले, तर हेच उत्तर मिळण्याची शक्यता अधिक. त्यामागे दोन कारणे असतात. पहिले आपल्याला ठाऊक आहे : मुलाच्या खिशाला आपला भार नको. दुसरे कारण मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. ते उत्तर प्रामाणिकही असू शकते. कारण थंडी जाणवण्याची शक्तीच वयानुसार मंदावते.

तरुण शरीर गारठ्याला तत्काळ उत्तर देते. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हुडहुडी भरते, स्नायू उष्णता निर्माण करतात. वृद्धापकाळी स्नायूंचे प्रमाण घटते, त्वचेखालील चरबीचा थर विरळ होतो, हुडहुडी उशिरा आणि क्षीण भरते. थायरॉईडची उणीव असेल, तर शरीरात उष्णता कमी निर्माण होते. मधुमेहामुळे पायांच्या नसा बधिर झाल्या असतील, तर गार फरशीची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. झोपेची व मनःशांतीची काही औषधे, तसेच रक्तदाबावरील काही औषधे शरीराच्या या संरक्षक यंत्रणेला आणखी मंद करतात. दुसरीकडे, थंडीने रक्तवाहिन्या आकुंचल्याने रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो.

म्हणून काळजी घेणाऱ्यांसाठी पहिला नियम असा : केवळ विचारू नये, स्पर्श करून पाहावे. हातपाय गार लागणे हिवाळ्यात सामान्य आहे. परंतु मानेमागे, पाठीवर किंवा कपड्यांच्या आत पोटावर हात ठेवल्यावर गार लागत असेल, तर अंगावरचे कपडे अपुरे आहेत असे समजावे, मग उत्तर काहीही मिळो.

आधी घरातील कपाट उघडावे

खरेदीला निघण्यापूर्वी एक दुपार घरातील कपाट, ट्रंक आणि माळा तपासण्यासाठी ठेवावी. मराठी घरात बहुधा सापडणारी पहिली वस्तू म्हणजे शालींची चवड. सत्कार, सेवानिवृत्ती, एकसष्टी, लग्नातील मानपान अशा निमित्तांनी आलेल्या शाली पुढच्या कोणाच्या तरी आहेरासाठी जपून ठेवलेल्या असतात. त्यांतील पुष्कळशा पातळ असतात; एकटी शाल फारशी ऊब देत नाही. पण अशा दोन शाली एकावर एक ठेवून कडेने आणि मधूनमधून टाके घातले, तर दोहोंच्या मध्ये हवा अडकते आणि उत्तम पांघरूण तयार होते. एखादी जाड शाल शिंप्याकडून कापून घेतली, तर तिची बिनबाह्यांची बंडी होते. ती खांद्यावरून घसरत नाही आणि हात मोकळे राहतात.

जुने स्वेटर टाकून देऊ नयेत. कोपरांना विरलेल्या स्वेटरच्या बाह्या कापून, कडा शिवून घेतल्या, की गुडघ्यांसाठी व पोटऱ्यांसाठी सैल नळ्या होतात. हाताने विणलेला स्वेटर उसवून त्याच लोकरीची कानटोपी विणण्याची रीत आपल्या आजींच्या पिढीला चांगली अवगत होती. ज्यांची दृष्टी आणि बोटे साथ देतात, त्यांना ते काम दिल्यास वेळही बरा जातो.

गोधडीचे महत्त्व तर नव्याने सांगायला नको. जुनी लुगडी, धोतरे, साड्या यांचे थर आणि त्यांना बांधणारा धावदोरा अशी तिची साधी रचना. प्रत्येक दोन थरांमध्ये हवेचा पातळ पदर राहतो आणि हाच पदर शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात हेमंत ऋतूची चर्या सांगताना उष्ण स्वभावाची पण वजनाला हलकी पांघरुणे घेण्याचा सल्ला आहे. तो आजही लागू पडतो. फार जड पांघरूण अशक्त व्यक्तीला कूस बदलू देत नाही, रात्री उठताना पायांत अडकते. घरात घोंगडी असेल, तर तिची लोकर कातडीला टोचू नये म्हणून आत मऊ सुती चादर घ्यावी.

घरातील कंपनीचे जॅकेट वडिलांना देण्याची पद्धत या भागात सर्रास दिसते. जॅकेट चांगलेच असते. मात्र ऑइल किंवा कूलंट लागलेले कपडे वृद्धांच्या नाजूक त्वचेला खाज आणू शकतात. ते इतर कपड्यांपासून वेगळे, दोनदा धुऊन मगच द्यावे. डाग आणि वास जात नसेल, तर देऊ नये.

एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ थर

आपल्याकडे पहाट १० अंशांची आणि दुपार ३० अंशांची असते. एकच जाड स्वेटर पहाटे अपुरा पडतो आणि दुपारी घामाघूम करतो. घामाने ओले झालेले कापड संध्याकाळी अंगातील उष्णता झपाट्याने ओढून घेते. म्हणून सहज काढता-घालता येतील असे थर हवेत.

सर्वांत आतला थर अंगाला बेताचा चिकटणारा, मऊ आणि कोरडा असावा : पूर्ण बाह्यांचा थर्मल किंवा जाड सुती बनियन. सुती कापड घाम शोषते पण लवकर वाळत नाही. त्यामुळे ते ओलसर झाले, की बदलावे. मधला थर हवा धरून ठेवणारा असावा : लोकरीचा, ॲक्रिलिकचा किंवा फ्लीसचा स्वेटर. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल शोषूनही ऊब देत राहते, हा तिचा मोठा गुण. ॲक्रिलिक आणि फ्लीस स्वस्त, हलके आणि धुण्यास सोपे असतात. सर्वांत बाहेरचा थर वारा अडवणारा असावा आणि तो फक्त घराबाहेर पडताना लागतो.

कमरेखालचा भाग अनेकदा विसरला जातो. धोतर किंवा पायजम्याच्या आत थर्मलचा पायजमा, साडी किंवा लुगड्याच्या आत जाडसर लेगिंग घालता येते. प्रारंभी आजींना संकोच वाटेल. पण बाहेरून काहीही दिसत नाही आणि गुडघ्यांना आराम पडतो, हे एकदा अनुभवास आले की हरकत उरत नाही.

डोक्यातूनच शरीराची निम्मी उष्णता जाते, असे सांगितले जाते. ते खरे नाही; डोके शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे दहावा भाग आहे आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. तथापि टक्कल किंवा विरळ केस असलेल्या ज्येष्ठांना टोपीने निश्चितच बरे वाटते. कान झाकणारी टोपी रस्ता ओलांडताना मात्र कानांवरून वर सरकवावी. हॉर्न ऐकू आला पाहिजे. श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी घट्ट कानटोपी टाळावी. तिच्या दाबाने यंत्र शिट्टी वाजवू लागते.

हजार रुपये कुठे खर्चावेत?

एका व्यक्तीसाठी हजार रुपयेच बाजूला काढता येत असतील, असे धरू. स्वेटर आणि शाल घरातून निघाली, तर उरलेल्या वस्तूंसाठी पैशांची वाटणी अशी करता येईल :

• थर्मलचा वर-खालचा एक जोड : ४०० रुपये
• सैल मोज्यांचे दोन जोड : १५० रुपये
• न घसरणाऱ्या तळव्याच्या घरातील चपला : १५० रुपये
• कानटोपी : १०० रुपये
• शिलाई, मोठी बटणे, चेन, दुरुस्ती : २०० रुपये

दर दुकानागणिक बदलतील. क्रम मात्र बदलू नये. पैसे आणखी कमी असतील, तर मोजे आणि आतला थर आधी घ्यावा. शिलाईची रक्कम वायफळ समजू नये. घरातला स्वेटर बटणांअभावी पडून राहत असेल, तर नव्या स्वेटरपेक्षा बटणे केव्हाही स्वस्त.

खरेदीसाठी पिंपरी कॅम्पातील कापडबाजार या भागातील लोकांच्या सवयीचा आहे. चाकणचा आठवडे बाजारही जवळ पडतो. हंगामात ठिकठिकाणी स्वेटरचे ठेलेही लागतात. घाई नसेल, तर संक्रांतीनंतर विक्रेते उरलेला माल कमी भावात काढतात, तेव्हा पुढच्या वर्षाची सोय करून ठेवावी. निवडताना स्वेटर उजेडासमोर धरावा. विणीतून भरपूर उजेड दिसला, तर वाराही तितकाच शिरेल. आत थर घालायचे असल्याने माप नेहमीपेक्षा एक क्रमांक मोठे घ्यावे.

डोक्यातून घालायच्या स्वेटरपेक्षा पुढून उघडणारा घ्यावा. खांदे आखडलेल्या व्यक्तीला हात वर करणे जड जाते आणि रक्तदाब तपासतानाही असा कपडा सोयीचा पडतो. पक्षाघात झालेल्या व्यक्तीला कपडे घालताना आधी अशक्त हात बाहीत घालावा; काढताना आधी सशक्त हात मोकळा करावा. स्मृतिभ्रंश असलेल्यांना बटणांचा गोंधळ होतो. त्यांच्यासाठी चिकटपट्टी किंवा मोठ्या कडीची चेन बरी.

मोजे घेताना वरचे इलॅस्टिक पाहावे. संध्याकाळी मोजे काढल्यावर पोटरीवर खोल वळ दिसत असेल, तर ते घट्ट आहेत. ते रक्तप्रवाह अडवतात आणि पाय अधिकच गार पडतात. मधुमेहींनी फिक्या रंगाचे मोजे वापरावेत, म्हणजे जखमेचा डाग लगेच दिसतो. नुसते मोजे घालून फरशीवर चालणे म्हणजे घसरण्याला निमंत्रण. वर चप्पल हवीच. काठी वापरणाऱ्यांनी लोकरीचे पूर्ण हातमोजे टाळून बोटे उघडी राहणारे वापरावेत. पकड सुटत नाही.

जुना बाजार किंवा ओळखीच्यांकडून आलेले वापरलेले कपडे घेण्यात काहीही कमीपणा नाही. ते गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. गरम पाणी न चालणारे लोकरीचे कपडे आठवडाभर पिशवीत घट्ट बांधून ठेवावेत, म्हणजे खरजेच्या किड्यांची भीती राहत नाही. मग साध्या पाण्यात धुवावेत. एक गोष्ट मात्र जपावी : असा कपडा आई-वडिलांच्या हाती देताना तो स्वच्छ, घडी केलेला आणि शक्यतो त्यांच्या आवडीच्या रंगाचा असावा.

पहाटेची तयारी रात्रीच

सर्वाधिक थंडी सूर्योदयाच्या सुमारास असते, आणि जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावरच उगवतो. नेमक्या याच वेळी पहिल्या पाळीला जाणारा मुलगा कंपनीच्या बसमध्ये असतो. ज्येष्ठ व्यक्ती लघवीसाठी उठते. अंधारात स्वेटर शोधण्याचा कंटाळा करून तशीच गार फरशीवरून जाते. थंडी बाधण्याचा आणि पडण्याचा, दोन्हींचा धोका या क्षणी एकत्र येतो.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. रात्री झोपण्यापूर्वी अंथरुणाशेजारी, हाताच्या अंतरावर, ज्या क्रमाने घालायचे त्या क्रमाने कपडे ठेवावेत : वर टोपी, खाली स्वेटर, त्याखाली शाल; आणि जमिनीवर चपला, तोंड बाहेरच्या बाजूला करून. मोजे रात्रीही पायांत असू द्यावेत, पण सैल. रात्रपाळी असलेल्या घरात पहाटे एकदा पाहून येण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरवावे. शेजाऱ्यांशी बोलून ठेवले तरी चालेल.

जमिनीवर झोपणाऱ्यांची उष्णता खालून जाते. अंगावर दुसरी गोधडी घालण्यापेक्षा ती अंगाखाली घातली, तर अनेकदा अधिक ऊब मिळते. या पट्ट्यात पॅकिंगचे नालीदार पुठ्ठे सहज मिळतात. स्वच्छ, कोरडे, तेलाचा वास नसलेले पुठ्ठे गादीखाली किंवा सतरंजीखाली अंथरले, तर त्यांच्या नळ्यांतील हवा गार फरशीला अडवते. ते दर आठवड्याला उचलून उन्हात ठेवावेत, ओल धरली तर बदलावेत.

दुचाकीवर आणि रांगेत

सकाळी यशवंतराव चव्हाण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवायचे असेल, तर अनेक ज्येष्ठ मुलामागे दुचाकीवर बसून निघतात. वाहता वारा स्वेटरच्या विणीतून थेट आत शिरतो. त्यासाठी महागडे जॅकेट नको. पावसाळ्यात वापरलेला रेनकोट स्वेटरवर चढवला, की वारा अडतो. पोहोचल्यावर तो लगेच काढावा, नाहीतर आत घाम साचतो. शालीचा पदर, मफलरची टोके आणि साडीचा काठ चाकात जाणार नाहीत, असे खोचून घ्यावेत. फेरफटक्याला सकाळी आठनंतर, ऊन पडल्यावर निघणे श्रेयस्कर. दुपारी मात्र आठवणीने थर उतरवावेत आणि तहान नसली तरी पाणी घ्यावे.

ऊब घेताना घ्यायची सावधगिरी

स्वयंपाकघरात शालीची आणि पदराची सुटी टोके गॅसपासून दूर ठेवावीत. ॲक्रिलिक आणि फ्लीस पेटल्यास वितळून कातडीला चिकटतात. स्वयंपाक करताना सुती कपड्यावर अंगाबरोबरची बंडी उत्तम. दारे-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये; तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग असतो ना वास, आणि तो झोपेतच प्राण घेऊ शकतो. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून झोपण्यापूर्वी अंथरूण तापवण्यासाठी वापरावी आणि मग काढून ठेवावी. बधिर पायांवर ती थेट ठेवल्यास भाजल्याचेही कळत नाही.

डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे एक-दोन दिवस उन्हात व वाऱ्यावर टाकल्याशिवाय दम्याच्या रुग्णाला देऊ नयेत. लोकरीचे कपडे साध्या पाण्यात, सौम्य साबणाने धुवावेत. न पिळता, आडवे पसरून सावलीत वाळवावेत. असे जपलेले कपडे अनेक हिवाळे टिकतात.

केव्हा थांबू नये

शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरणे म्हणजे हायपोथर्मिया. तो घरातल्या घरातही होऊ शकतो. बोलणे अडखळणे, असंबद्ध बोलणे, विलक्षण गुंगी, तोल जाणे, चेहरा फिकट पडणे आणि पोटही गार लागणे ही त्याची लक्षणे. थंडी असूनही हुडहुडी थांबली, तर ते बरे वाटल्याचे चिन्ह नसून धोक्याची सूचना असू शकते. वयाचा परिणाम किंवा झोपेची गुंगी समजून ही लक्षणे सोडून देऊ नयेत.

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत ओले कपडे काढून कोरडे घालावेत. डोके, मान, छाती आणि पोट पांघरुणांत गुंडाळावे. पूर्ण शुद्ध असेल आणि गिळता येत असेल, तरच कोमट गोड पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत, शेकोटीजवळ नेऊ नये आणि मद्य तर मुळीच देऊ नये. त्याने त्वचेला ऊब भासते, पण शरीर आतून अधिकच थंड होते.

वाचकहो, तुम्ही स्वतः ज्येष्ठ असाल, तर एक विनंती. ट्रंकेतील शाल कोणाच्या तरी आहेरासाठी जपू नका; आजच अंगावर घ्या. गारठा जाणवला, तर मुलांना स्पष्ट सांगा; एका मोजाच्या जोडाचा खर्च त्यांना रुग्णालयाच्या एका दिवसापेक्षा नक्कीच परवडतो. आणि तुम्ही काळजी घेणारे असाल, तर आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी आई-वडिलांच्या पांघरुणात हात घालून त्यांचे पाय, पाठ आणि पोट कितपत उबदार आहेत, एवढे पाहून घ्या.